कॉलेज निवडताना फॉर्मचं शेवटचं पान आधी वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. अॅडमिशनचे दिवस आहेत म्हणून लिहितोय. ज्यांच्या घरात हा प्रश्न नाही त्यांनीही वाचा, कारण शेवटी विषय आपल्या सगळ्यांवर येतो.

जून लागला की आमच्यासारख्या गावातल्या पत्रकाराकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक, वाडीत पाणी शिरलं, फोटो काढायला चला म्हणणारी. दुसरी, पोराच्या अॅडमिशनसाठी कुठे ओळख आहे का, विचारणारी. गेल्या वर्षी जूनमध्येच संध्याकाळी एक बाई पोराला घेऊन घरी आली. पंचक्रोशीतलीच. पोरगा दाराबाहेर उभा, आत यायला तयार नाही.

ती म्हणाली, "भाऊ, पोराला कालेजान घेतील ना?"

मार्क विचारले. बासष्ट टक्के, कॉमर्स. मी म्हटलं, एवढ्यावर कुठेही मिळेल की. चौल-रेवदंड्यातली पोरं एसटी धरून रोज अलिबागला जातातच. ती काही बोलेना. मग दारातून पोरगाच म्हणाला, "काका, ती केस झालेली ना माझी."

मग ओळखलं मी त्याला.

मारामारी झाली होती. पोरापोरांतली, पण एकाच्या डोक्याला टाके पडले, त्यामुळे पोलिसात गेली. हा तेव्हा सोळा वर्षांचा. पोलिसांच्या आणि आमच्या भाषेत 'विधीसंघर्षग्रस्त बालक'. प्रकरण बाल न्याय मंडळासमोर गेलं, समज दिली, समुपदेशनाला बसवलं, प्रकरण संपलं. त्या सगळ्यात त्याचं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी परत बसला आणि बारावी पास झाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदललेत. कृपा करून खाली कुणी अंदाज लावू नका. का ते पुढे कळेल.)

त्या मारामारीची बातमी मीच लिहिली होती.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला कायद्याचा पेपर होता. अल्पवयीन आरोपीचं नाव छापायचं नाही, हे पाठ होतं. नाव मी छापलं नव्हतंच. पण पाडा लिहिला, शाळा लिहिली, बाप कुठल्या कामावर जातो तेही लिहिलं. आपल्याकडे एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर चहा पिताना लोक नावानिशी बोलत होते, आणि मला वाटलं होतं, बातमी चांगली वाचली गेली.

बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 फक्त नावाबद्दल नाही. पत्ता, शाळा, किंवा ज्यावरून मूल ओळखता येईल असा कुठलाही तपशील छापायला त्यात बंदी आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे त्या प्रकरणात कायदा मीही मोडला होता. फरक इतकाच की मला कुठल्या मंडळासमोर उभं राहावं लागलं नाही आणि माझं वर्षही वाया गेलं नाही.

मी बाईंना सांगून टाकलं, ती बातमी माझी होती म्हणून. त्या म्हणाल्या, "मना म्हायती हाय. तवा तुमी लिवलात, आता तुमीच सांगा कुठं घालू याला."

यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघालो.

पहिलं कॉलेज. नाव घेत नाही, अलिबाग तालुक्यातलं नाही एवढंच सांगतो. इमारत छान, कॉम्प्युटर लॅब, कॅन्टीन, भिंतीवर प्लेसमेंटचे फोटो. आई खूष. फॉर्म घेतला. शेवटच्या पानावर कॉलेजने स्वतः छापलेलं हमीपत्र: 'माझ्यावर कोणताही फौजदारी गुन्हा दाखल नाही व यापूर्वी नव्हता.' खाली विद्यार्थ्याची सही, पालकाची सही. पोराचा हात तिथेच थांबला. मी खिडकीवर विचारलं, हे कशासाठी? उत्तर आलं, "सगळ्यांकडून घेतो. काही असेल तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा, मग बघू." मागे रांग होती. 'काही असेल तर' हे शब्द रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले. पोरगा म्हणाला, काका, चला.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी येऊन मी कायदा काढून बसलो. बातमी लिहायच्या आधी वाचायला हवा होता, तो तेव्हा वाचला. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

याच कायद्याचं कलम 24 म्हणतं की अठरा वर्षांच्या आतल्या मुलाचं प्रकरण या कायद्याखाली निकाली निघालं, तर त्या दोषामुळे त्याला पुढे कुठलीही अपात्रता चिकटणार नाही, आणि त्याची कागदपत्रं ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची. (सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी बाल न्यायालयात प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर हे संरक्षण नाही.) कलम 74 मध्येच पुढे असंही आहे की प्रकरण संपलेलं असेल तर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा ती माहिती उघड करायची नाही. आणि कायद्याच्या मूळ तत्त्वांमध्ये एक तत्त्व नव्याने सुरुवातीचं आहे, म्हणजे मुलाचा मागचा रेकॉर्ड पुसून टाकायचा.

थोडक्यात, संसदेने जे पुसायला सांगितलं, तेच कॉलेजची खिडकी परत लिहून मागत होती. त्यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. कुणीतरी कुठूनतरी हमीपत्राचा नमुना आणला आणि छापला. यूजीसीच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांप्रमाणे एक प्रतिज्ञापत्र सगळ्यांना द्यावंच लागतं, पण त्यातला प्रश्न रॅगिंगपुरता आहे. 'तुझ्यावर कधी केस होती का' हा प्रश्न त्यात नाही. ते वरचं पान कॉलेजचं स्वतःचं.

मग हमीपत्रावर खोटी सही करायची का? असा सल्ला मी देणार नाही. माझं काम बातमी देण्याचं आहे, वकिली करण्याचं नाही. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे तिथे मुलांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. फोन नंबर 15100, तोही फुकट. सही करायच्या आधी तिथे विचारा. आम्ही विचारलं. वकीलबाईंनी कलमं लिहून दिली आणि म्हणाल्या, दुसऱ्या कॉलेजात जाल तेव्हा हा कागद लगेच काढू नका, आधी ते काय विचारतात ते ऐका.

दुसरं कॉलेज साधं. रंग उडालेला, बाकं जुनी. तिथल्या मॅडमनी गॅप सर्टिफिकेट बघितलं आणि विचारलं, "वर्ष का गेलं रे?" पोरगा म्हणाला, "घरची अडचण होती." मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. आता काही अडचण उरली आहे का? कुठे तारखेला वगैरे जायचं असेल तर मला आधी येऊन सांगायचं. मागाहून हजेरी भरून देता येत नाही." बस. ना रांगेत, ना मोठ्याने. त्याला ना कुठे जायचं होतं ना यायचं. पण बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, हेच."

मी या दोन इमारती आठवत बसलो. आपण कॉलेज कसं निवडतो? निकाल किती टक्के, फी किती, एसटी कुठे थांबते, चुलतभाऊ कुठे शिकतो. ज्या घराला कोर्टाची झळ लागली आहे, त्या घराने आणखी काही गोष्टी बघायला हव्यात. आणि 'झळ लागलेली' म्हणजे फक्त आरोपी मुलं धरू नका. बाप तुरुंगात आहे अशी मुलगी धरा. जिच्यावर अत्याचार झाला आणि जिला साक्षीला परत परत कोर्टात जावं लागतं ती पोर धरा. वरच्या कलम 74 मध्ये पीडित आणि साक्षीदार मुलांची ओळखही तेवढ्याच कडकपणे झाकलेली आहे. आपण मात्र आरोपीकडे एका नजरेने आणि पीडितेकडे दुसऱ्या नजरेने बघतो, आणि दोघांचंही शिक्षण थांबवतो.

तर बघायच्या गोष्टी अशा:

एक. फॉर्मचं शेवटचं पान घरी आणून वाचा, खिडकीवर उभं राहून नको. गुन्ह्याबद्दल प्रश्न आहे का, आणि नेमका काय आहे? 'गुन्हा दाखल आहे का' हा एक प्रश्न. 'दोष सिद्ध झाला आहे का' हा अगदी वेगळा.

दोन. हजेरी. कोर्टाची तारीख मुलाच्या सोयीने पडत नाही. समन्स किंवा तारखेचा कागद दाखवला तर कॉलेज तो धरतं का? प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या, मूळ कागद घरी ठेवा.

तीन. सांगायची वेळ आलीच तर कुणाला सांगायचं? ज्या कॉलेजात एका माणसाला सांगितलं की स्टाफरूमभर होतं, तिथली लॅब कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. एखादी मॅडम, एखादे सर असे आहेत का, हे तिथे शिकलेल्या मुलांना विचारा.

चार. बाप आत असेल तर आईची सही चालते का, उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाचा लागतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म कोण भरून देतं, हे आधी विचारा. अशा घरातली पोरं फीपेक्षा जास्त 'वडलांना घेऊन ये' या वाक्याला घाबरतात.

पाच. घटनेच्या वेळीच मूल अठरा वर्षांवरचं असेल आणि केस चालू असेल, तर वरचं कलम 24 त्याच्या कामाचं नाही. मग लपवण्यापेक्षा वकिलाला विचारून खरं सांगणं शहाणपणाचं. नोकरीच्या पडताळणीत माहिती दडवली तर काय होतं यावर सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग निकाल आहे. किरकोळ प्रकरणात मालकाने समजून घ्यावं असं त्यात आहे, पण दडवण्यामुळे नोकरी जाऊ शकते असंही आहे. पुढे सरकारी नोकरीचा विचार असेल तर कोर्स निवडतानाच हे ध्यानात ठेवा.

सहा. रोजच्या कॉलेजात जमतच नसेल तर शिक्षण सोडू नका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, इग्नू 1985 पासून. रोजच्या हजेरीची अडचण तिथे येत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या कारागृहांमध्ये या दोघांची अभ्यासकेंद्रं चालतात आणि इग्नू कैद्यांकडून फी घेत नाही. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी मुलाखतीला जाल तेव्हा त्याला विचारा, अर्ज केला का म्हणून.

आता कुणी म्हणेल, भाऊ, गुन्हेगारांचे लाड कशाला? साध्या पोरांना सीट मिळत नाही.

हा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या डोक्याला टाके पडले, त्या पोराच्या घरीही मी जाऊन आलोय. त्या घराचा राग मला समजतो. पण आधी आकडा बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारातली तीन. यातलं कोण सुटेल, कोण दोषी ठरेल, हे कोर्टालाच अजून ठरवायचं आहे. आपण अॅडमिशनच्या खिडकीवर ठरवून मोकळे होतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. तळोजा कारागृह पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडातच. तिथे एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी महेश राऊत होते. त्या खटल्यात कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरत नाही, तो कोर्टाचा विषय. पण माणसाने आत असतानाच लॉची सीईटी दिली आणि मुंबईच्या सिद्धार्थ विधि महाविद्यालयात जागा मिळवली. विद्यापीठाने हजेरीचा मुद्दा काढला. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने प्रवेश द्यायला सांगितलं. रीतसर प्रक्रियेतून आलेल्या माणसाला शिकण्याची संधी नाकारणं मूलभूत हक्कावर घाला आहे, असा त्या आदेशाचा अर्थ. एवढ्या गंभीर आरोपात खटला चालू असलेल्या माणसाला जर हायकोर्ट शिकू देतं, तर ज्याचं प्रकरण मंडळाने बंद केलं त्या सोळा वर्षांच्या पोराला आपण हमीपत्रावर अडवायचं?

बाहेरही हे झालंय. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी विद्यापीठात 1967 मध्ये जॉन आयर्विन नावाच्या प्राध्यापकाने 'प्रोजेक्ट रिबाउंड' सुरू केलं. तुरुंगातून सुटलेल्यांना थेट कॉलेजात आणायचं, फॉर्म भरण्यापासून राहण्यापर्यंत मदत करायची. हा माणूस स्वतः सशस्त्र दरोड्यासाठी पाच वर्षं तुरुंगात होता, सुटल्यावर शिकून समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. तिकडे शेकडो कॉलेजांचा मिळून एक सामाईक फॉर्म असतो, त्यातूनही गुन्ह्याच्या इतिहासाचा प्रश्न 2019 पासून काढून टाकला. आपल्याकडे मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं 'प्रयास' 1990 पासून तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या माणसांबरोबर काम करतंय. म्हणजे हे नवीन खूळ नाही.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी 1932 मध्ये गीतेवरची प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, तेही तिथे कैदीच होते. ते राजकीय कैदी होते, मारामारीतले नव्हते, हे मान्य. पण ती प्रवचनं ऐकायला बसणारे सगळेच काही पुढारी नव्हते. तुरुंगात शिकणं-शिकवणं महाराष्ट्राला लाजिरवाणं कधीच वाटलं नव्हतं. आता का वाटावं?

अलिबागला जाताना हिराकोट दिसतो. आंग्र्यांच्या काळातला कोट, आता जिल्हा कारागृह. आपण बाहेरून जातो, मुलांना दाखवतो, 'हा बघ जेल'. त्या भिंतीच्या आत ज्यांचा बाप आहे अशी मुलंही त्याच एसटीत बसलेली असतात, हे आपल्या मनातसुद्धा येत नाही.

त्या पोराचं सांगून थांबतो. दुसऱ्या कॉलेजात तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाला, तो विषय नंतर सुटला. फार मोठं काही केलेलं नाही त्याने. सकाळची एसटी पकडतो, दुपारी परत येतो, सुट्टीत बापाबरोबर जातो. मध्ये एकदा एसटीत कुणीतरी म्हणालं, "हाच ना तो, पेपरात आलेला?" हे त्यानेच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, असंच. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

कारण सरकारी कागद मुदत संपली की नष्ट करायची सोय कायद्यात आहे. माझं कात्रण नष्ट करायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. ते लोकांच्या डोक्यात आहे. बातमी ऑनलाइन आवृत्तीतही होती. संपादकांना विनंती करून ती काढायला लावली, पण तिचे फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये गेले ते गेले.

म्हणून तीन विनंत्या.

आमच्या व्यवसायातल्या मित्रांनो, आणि आता मोबाइलवर 'न्यूज' चालवणाऱ्या सगळ्यांनो: अठराच्या आतल्या मुलाची बातमी करताना फक्त नाव गाळून भागत नाही. गाव लहान असेल तर पाडा, शाळा, बापाचं काम, सगळं गाळा. बातमी थोडी पातळ होईल, होऊ दे.

कॉलेज चालवणाऱ्यांनो: तुमच्या फॉर्मचं शेवटचं पान एकदा वकिलाला दाखवा. कुणी छापलं आणि का छापलं, हे बहुतेक तुम्हालाही आठवत नसेल.

आणि गावकऱ्यांनो: एखादं पोर परत शिकायला निघालं असेल तर त्याला एसटीत नीट बसू द्या. तेवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

कुणाच्या घरात असा प्रश्न असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, इथे नको. किंवा संध्याकाळी घरी या. फॉर्म घेऊन या, शेवटचं पान आपण एकत्र वाचू. आणि यातलं काहीही छापलं जाणार नाही, हा माझा शब्द.